क्रूझच्या एका थांब्यात व्हेनिस आणि बुरानो: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

क्रूझच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘व्हेनिस, सकाळी ८ ते संध्याकाळी ७’ असे छापलेले असते आणि वाचणारा मनातल्या मनात अकरा तास मोजून मोकळा होतो. त्या अकरा तासांतले हाती किती उरतात, हे जहाज कोणत्या बंदराला लागते यावर अवलंबून असते. आणि मोठ्या जहाजांच्या बाबतीत ते बंदर जुन्या व्हेनिसमध्ये नसते. त्यातच सकाळी सान मार्को हा शहरातला मुख्य चौक, दुपारी मुरानो आणि संध्याकाळी बुरानो ही बेटे असा नकाशावर सोपा दिसणारा क्रम धरला, की दिवसाचा शेवट बुरानोच्या धक्क्यावर लांबलचक रांगेत, घड्याळाकडे पाहत होतो. खाली दिलेला क्रम याच्या नेमका उलट आहे. त्यात लांबचे बेट आधी आणि शहर नंतर येते, आणि परतीची वेळ या दोन्हींच्या आधी ठरवलेली असते.

टप्पा १: जहाज नेमके कुठे लागणार ते शोधावे

१ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० ग्रॉस टनांहून मोठ्या जहाजांना सान मार्कोसमोरचे पाणी आणि जुदेक्का कालवा बंद आहे. लहान जहाजे अजूनही शहराला खेटून असलेल्या मारीत्तिमा किंवा सान बाझीलियो धक्क्याला लागतात. आपल्याकडून बहुतेक जण ज्या मोठ्या क्रूझवर जातात, त्या मात्र मार्गेरा किंवा फुसीना येथे, म्हणजे मुख्य भूमीच्या काठावर थांबतात, नाहीतर थेट राव्हेन्ना, त्रिएस्ते किंवा किओज्जा या वेगळ्याच गावांत उभ्या राहतात. जाहिरातीत नाव मात्र सर्रास व्हेनिसचेच असते.

मार्गेराहून जहाजाची बस पुलावरून त्रोंकेत्तो किंवा पियात्साले रोमा या शहराच्या तोंडाशी असलेल्या वाहनतळांवर सोडते. फुसीनाहून बस किंवा झात्तेरे धक्क्याकडे जाणारी बोट असते. या दोन्ही ठिकाणांहून बेटांचा बेत जमतो. त्रिएस्तेचा धक्का गावाच्या मध्यभागी आहे आणि तिथून रेल्वे स्थानक चालत गाठता येते, पण व्हेनिसपर्यंतचा रेल्वेप्रवास साधारण दोन तासांचा आहे. राव्हेन्नाचे बंदर, ज्याला पोर्तो कोर्सिनी म्हणतात, व्हेनिसपासून सुमारे दीडशे किलोमीटर दूर आहे आणि बसला एका बाजूने अडीच तास सहज लागतात.

माझे मत स्पष्ट आहे: जहाज राव्हेन्ना किंवा त्रिएस्तेला लागत असेल तर बेटांचा विचार सोडून द्यावा. पाच तास बसमध्ये काढून उरलेल्या चार तासांत बुरानोही बघायचे म्हणजे दोन्हींकडे फक्त हजेरी लावणे होय. राव्हेन्नाला उतरणाऱ्याने तर त्याच गावातली मोझेइक, म्हणजे काच-दगडाच्या तुकड्यांची चित्रे, बघत शांतपणे दिवस घालवला तरी काही बिघडत नाही.

*पडताळणी:* तिकिटावरचे ‘व्हेनिस’ वाचून थांबू नये. आरक्षण करताना टर्मिनलचे पूर्ण नाव लेखी मागावे आणि निघण्यापूर्वी एकदा पुन्हा विचारावे, कारण धक्के बदलतात.

टप्पा २: व्हिसा आणि प्रवेशशुल्क

भारतीय पारपत्रावर प्रवास करणाऱ्यांची सर्वांत महागात पडणारी चूक इथे होते. इटलीहून निघणारे जहाज क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकला गेले तर अडचण नाही, कारण १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे. पण तेच जहाज माँटेनेग्रोतल्या कोटोरला किंवा तुर्कस्तानातल्या कुशादासीला गेले की आपण शेंगेनच्या बाहेर पडतो, आणि परत इटलीत उतरणे हा नवा प्रवेश ठरतो. म्हणून अशा मार्गावर एकल प्रवेशाचा व्हिसा चालत नाही. अर्जातच बहुप्रवेशाची मागणी करावी आणि सोबत क्रूझचा बंदरवार कार्यक्रम जोडावा. व्हिसा हातात आल्यावर त्यावरचा प्रवेशसंख्येचा रकाना त्याच दिवशी वाचावा, कारण विमानतळावर वाचून काही उपयोग नसतो.

दुसरी गोष्ट व्हेनिसच्या महापालिकेच्या प्रवेशशुल्काची. २०२४ पासून ठरावीक दिवशी, सकाळी ८.३० ते दुपारी ४ या वेळेत, जुन्या शहरात एका दिवसासाठी येणाऱ्यांकडून हे शुल्क घेतले जाते. २०२५ मध्ये असे ५४ दिवस होते, आणि ते एप्रिल ते जुलै या काळात, मुख्यतः शुक्रवार ते रविवार होते. त्या वर्षी चार दिवस आधीपर्यंत भरल्यास ५ युरो आणि त्यानंतर १० युरो असा दर होता. १४ वर्षांखालील मुलांना शुल्क नाही. मुरानो, बुरानो आणि तोर्चेल्लो ही बेटे या शुल्कातून वगळलेली आहेत, पण बेटांकडे जाताना शहरातून चालत गेलात तर शुल्क लागू होते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. आपल्या दिवशी शुल्क आहे का, हे महापालिकेच्या संकेतस्थळावरच्या दिनदर्शिकेत पाहावे, ते क्रूझच्या भाड्यात धरले आहे का हे जहाज कंपनीला विचारावे, आणि धरले नसेल तर आधी भरून क्यूआर कोड फोनमध्ये साठवून ठेवावा.

क्रूझ व्हेनिसहूनच सुरू होत असेल आणि आदल्या रात्री शहरातल्या हॉटेलात मुक्काम असेल तर शुल्क माफ असते, पण माफीचाही क्यूआर कोड घ्यावा लागतो. मुक्काम आहे एवढे तोंडी सांगून भागत नाही.

*इशारा:* जहाजाने पारपत्र स्वागतकक्षात ठेवून घेतले असेल तर त्याची आणि व्हिसाच्या पानाची छायाप्रत खिशात असावी. जहाजाचे ओळखपत्र हे किनाऱ्यावर पारपत्राची जागा घेत नाही.

टप्पा ३: वजाबाकी उलट्या बाजूने करावी

दिवसाचे गणित उतरण्याच्या वेळेपासून सुरू केले की चुकते. ते ‘ऑल अबोर्ड’पासून, म्हणजे सर्वांनी परत जहाजावर असण्याच्या वेळेपासून मागे मोजावे. ही वेळ जहाज सुटण्याच्या छापील वेळेच्या अर्धा ते एक तास आधीची असते.

मार्गेराचे उदाहरण घेऊ. जहाज ७ वाजता सुटते आणि ऑल अबोर्ड ६.३० ला आहे. त्यातून राखीव एक तास काढला की ५.३० उरतात. बसची रांग आणि प्रवास मिळून पाऊण तास धरला तर पियात्साले रोमाला ४.४५ पर्यंत पोहोचलेच पाहिजे. सान मार्कोहून तिथवर बोटीने किंवा चालत साधारण पाऊण तास लागतो, म्हणजे चार वाजता सान मार्को सोडायला हवे. सकाळच्या बाजूला, जहाज ८ वाजता लागले तरी परवानगी मिळून, जिना उतरून बसमध्ये बसेपर्यंत पावणेनऊ होतात आणि पियात्साले रोमाला साडेनऊ वाजतात. अकरा तासांचे हे असे साडेसहा झाले. कागदावर ही वजाबाकी केल्याशिवाय पुढच्या टप्प्याला हात लावू नये.

*पडताळणी:* जहाजावरची वेळ आणि किनाऱ्यावरची वेळ एकच आहे का? ग्रीस किंवा तुर्कस्तानहून येणाऱ्या जहाजाने घड्याळ एक तास मागे केले नसेल, तर फोन एक वेळ दाखवतो आणि जहाज दुसऱ्या वेळेने चालते.

टप्पा ४: बोटीचे तिकीट

व्हेनिसमध्ये बस म्हणजे वापोरेत्तो ही सार्वजनिक बोट. गेटवे ते मांडवा लाँचची सवय असलेल्याला हा प्रकार नवा नाही. फरक एवढाच, की इथे एकाच धक्क्यावरून अनेक क्रमांकांच्या बोटी सुटतात आणि तिकीट बोटीत चढण्याआधी यंत्राला लावावे लागते.

एकेरी तिकीट ७५ मिनिटे चालते आणि २०२५ मध्ये ते ९.५० युरोला होते. २४ तासांचे तिकीट २५ युरोला होते. म्हणजे तिसरे एकेरी तिकीट काढावे लागले की २४ तासांचे स्वस्त पडते. बेटांच्या दिवसात जाणे, एका बेटावरून दुसऱ्यावर जाणे, परत येणे आणि शहरातली एक फेरी अशा चार फेऱ्या होतातच, तेव्हा फार हिशेब न करता २४ तासांचे घ्यावे. त्याचे २४ तास पहिल्यांदा यंत्राला लावल्यापासून मोजले जातात. नुसते शहर पायी बघणाऱ्याला मात्र हे तिकीट मुळीच लागत नाही. जहाजावर सगळे घेतात म्हणून घेणारे बरेच असतात.

तिकीट फोनवर किंवा यंत्रातून घ्यावे. पियात्साले रोमाच्या खिडकीवर सकाळी साडेनऊला रांग असते आणि तिथे गेलेली वीस मिनिटे दिवसभर भरून निघत नाहीत.

*इशारा:* २४ तासांचे तिकीट असले तरी प्रत्येक वेळी चढण्यापूर्वी ते यंत्राला लावावे लागते. एकदा लावले म्हणजे झाले असे समजणाऱ्यांना तपासनीस दंड करतो, आणि पर्यटक आहोत ही सबब चालत नाही.

टप्पा ५: फोंदामेंते नोवे गाठणे

बुरानोची १२ क्रमांकाची बोट शहराच्या उत्तर काठावरच्या फोंदामेंते नोवे धक्क्यावरून सुटते. सान मार्कोवरून किंवा रेल्वे स्थानकासमोरून ती मिळेल असे समजून उभे राहणारे रोज दिसतात. पियात्साले रोमाहून तिथे बोटीने साधारण अर्धा तास लागतो, आणि चालत गेल्यास चाळीस मिनिटांच्या आसपास.

क्रमांकाचा घोळ इथे होतो. ४.१ आणि ४.२ या एकाच वर्तुळावर उलट दिशांनी फिरणाऱ्या बोटी आहेत, ५.१ आणि ५.२ यांचेही तसेच. आपला धक्का दोघींच्याही यादीत असतो, पण एक वीस-पंचवीस मिनिटांत नेते आणि दुसरी सगळ्या शहराला वळसा घालून. त्यामुळे क्रमांक वाचून पुरत नाही, तर फलकावर पुढच्या थांब्यांचा क्रम वाचावा. मोठ्या धक्क्यांवर अ, ब, क अशा अक्षरांचे वेगवेगळे तरंगते फलाट असतात आणि तीच बोट शेजारच्या फलाटावरून सुटून डोळ्यांदेखत निघून जाते. आम्ही स्वतः पहिल्या खेपेस सहा जण चुकीच्या फलाटावर दहा मिनिटे अगदी शिस्तीत उभे होतो.

चालत जाणार असाल तर भिंतीवरचे पिवळे बाण रियाल्तो, सान मार्को, रेल्वे स्थानक आणि पियात्साले रोमा अशा मोजक्या ठिकाणांचेच असतात हे ध्यानात ठेवावे. अरुंद गल्ल्यांमध्ये फोनचा निळा ठिपका दोन गल्ल्या पलीकडे दाखवतो, म्हणून मार्गाचे चित्र आदल्या रात्री साठवून ठेवावे.

*पडताळणी:* धक्क्यावर पोहोचताच परतीच्या बोटींच्या वेळांच्या तक्त्याचा फोटो काढावा. इटलीत वाहतूक संप आधी जाहीर होतात आणि त्या दिवशी बोटी कमी असतात. ‘शोपेरो’ हा शब्द धक्क्यावर किंवा संकेतस्थळावर दिसला तर बेटे रद्द करून शहरातच राहावे.

टप्पा ६: बुरानो आणि फक्त आणखी एक बेट

फोंदामेंते नोवेहून १२ क्रमांकाची बोट मुरानोच्या दीपगृहापाशी थांबून पुढे सुमारे पाऊण तासात बुरानोला पोहोचते. मुरानोला उतरण्याचा मोह टाळावा आणि आधी बुरानोलाच जावे. सकाळी बोटीत जागा असते, गल्ल्या मोकळ्या असतात, आणि परतीची गर्दी दुपारनंतर वाढते. बोटी साधारण अर्ध्या तासाला एक असतात. एक भरून गेली की अर्धा तास गेला, हे जहाजाच्या प्रवाशाला परवडत नाही.

बुरानो लहान आहे. सव्वा तास पुरतो. धक्क्यावरून सरळ मुख्य रस्त्याने जाण्याऐवजी डावी-उजवीकडच्या कालव्यांच्या काठांनी फिरावे. रंगीत घरे तिथे शांतपणे बघता येतात. ती घरे राहती आहेत, तेव्हा कुणाच्या उंबऱ्यावर बसून किंवा वाळत घातलेले कपडे बाजूला सारून फोटो काढू नयेत. हातविणीची लेस इथली खरी, पण एका लहानशा नक्षीला कारागिराचे कित्येक दिवस जातात, त्यामुळे दहा युरोचा टेबलक्लॉथ हातविणीचा असू शकत नाही. खरे काम बघायचे असेल तर लेस संग्रहालयात जावे. लाकडी पुलावरून पलीकडचे माझ्झोर्बो बेट दोन मिनिटांवर आहे आणि तिथे गर्दी जवळजवळ नसते.

आता दुसरे बेट. तोर्चेल्लो बुरानोहून बोटीने पाच-दहा मिनिटांवर आहे. धक्क्यावरून कालव्याकाठच्या सपाट वाटेने दहा मिनिटे चालले की सांता मारिया आसुंता हे सातव्या शतकात स्थापन झालेले देऊळ लागते. देऊळच म्हणतो, कारण आत गेल्यावर पश्चिमेच्या भिंतीभर पसरलेला अंतिम न्यायाचा मोझेइक पाहताना पर्यटनस्थळ ही भावना राहत नाही. गुडघे दुखणाऱ्या मंडळींसाठीही हे बेट सोयीचे आहे.

मुरानो निवडले तर परतताना दीपगृहाच्या धक्क्यावर उतरावे. तिथे दोन गोष्टी कराव्यात: काचेचे संग्रहालय, आणि सान्ती मारिया ए दोनातो या चर्चची बाराव्या शतकातली मोझेइकची फरशी. काचेच्या वस्तू घ्यायच्याच असतील तर ‘वेत्रो आर्तिस्तिको मुरानो’ हे चिन्ह बघावे. ऑगस्टमध्ये आणि शनिवार-रविवारी बऱ्याच खऱ्या भट्ट्या बंद असतात, आणि तेव्हा दिसते ते पर्यटकांसाठी केलेले प्रात्यक्षिक.

तिन्ही बेटे एका थांब्यात करू नयेत. तीन धक्के, तीन रांगा आणि प्रत्येक ठिकाणी चाळीस मिनिटे, एवढेच त्यातून हाती लागते.

*इशारा:* धक्क्याजवळ कुणी ‘मुरानोला फुकट बोट’ देऊ केली तर नम्रपणे नकार द्यावा. ती बोट काचेच्या वस्तू विकणाऱ्या दालनाच्या दारात सोडते, आणि खरेदी न करता निघाल्यावर परतीची बोट आपली आपणच शोधायची असते.

टप्पा ७: जेवण, पाणी आणि प्रसाधनगृह

शाकाहारी मंडळींनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. बुरानोचा रिसोत्तो हा भाताचा प्रकार माशांच्या पाण्यात शिजतो, त्यात तुकडे दिसत नसले तरी. उलट ‘मारिनारा’ पिझ्झाच्या नावाला घाबरू नये. त्यात टोमॅटो, लसूण आणि ओरेगानो असते, मासे नाहीत आणि चीजही नाही. बुरानोची बुसोला बिस्किटे चांगली टिकतात, पण त्यांत अंडे असते.

घरून आणलेले थेपले किंवा दशम्या सोबत असतील तर उत्तम, मात्र सान मार्कोच्या चौकात पायऱ्यांवर किंवा जमिनीवर बसून खाण्यास बंदी आहे आणि दंड होतो. बोटीची वाट पाहताना बाकावर बसून खाऊन घ्यावे. कबुतरांना दाणे घालणेही दंडनीय आहे, त्यामुळे पुण्य जोडण्याची सवय तिथे आवरावी. चौकातल्या सार्वजनिक नळांचे पाणी पिण्यायोग्य असते, तेव्हा बाटली जवळ ठेवावी. प्रसाधनगृहे सशुल्क आहेत. सुटी नाणी वेगळ्या खिशात ठेवावीत.

टप्पा ८: शहर, शेवटच्या दोन तासांत

वरच्या गणिताप्रमाणे दुपारी दोनच्या सुमारास फोंदामेंते नोवेला परत यावे. तिथून सान मार्को चालत वीस-पंचवीस मिनिटांवर आहे आणि वाटेत सान्ती जोव्हान्नी ए पाओलो हा मोठा चौक लागतो. सान मार्कोच्या बासिलिकेत, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चमध्ये, जायचे असेल तर वेळेचे तिकीट आधी काढलेले असावे, खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत आणि मोठी पाठपिशवी नसावी. ओढणी किंवा उपरणे कामाला येते. रविवारी सकाळी पर्यटकांना प्रवेश नसतो. दोजेंचा, म्हणजे व्हेनिसच्या जुन्या शासकांचा, राजवाडा या दिवशी वगळावा. त्याला दोन तास लागतात आणि ते आपल्याजवळ नाहीत.

गोंडोल्याचा अधिकृत दर दिवसा ३० मिनिटांना ९० युरो आणि संध्याकाळी सातनंतर ३५ मिनिटांना ११० युरो आहे. हा दर नावेचा आहे, माणशी नव्हे, आणि एका नावेत पाच जणांपर्यंत बसता येते. बसण्यापूर्वी दर आणि मिनिटे दोन्ही बोलून घ्यावीत. केवळ गोंडोल्यात बसल्याचे समाधान हवे असेल तर ग्रँड कॅनॉल ओलांडणारा त्रागेत्तो दोन युरोत पलीकडे नेतो. प्रवास दोन मिनिटांचा असतो आणि फोटो तसाच येतो.

शरद ऋतूत आणि हिवाळ्यात भरतीचे पाणी चढते. ११० सेंटीमीटरचा अंदाज असला की समुद्राच्या तोंडाशी असलेले मोझे दरवाजे उचलले जातात, पण सान मार्कोचा चौक त्याहून कमी पातळीलाही ओला होतो. त्या दिवसांत चामड्याचे बूट घालू नयेत.

टप्पा ९: परतीचा रस्ता

ठरवलेल्या वेळी, म्हणजे चार वाजता, सान मार्को सोडावे, पाहायचे काही राहिले असले तरीही. ग्रँड कॅनॉलवरून १ क्रमांकाची बोट प्रत्येक धक्क्यावर थांबत जाते, २ क्रमांकाची कमी थांबते. उशीर झाला असेल तर १ मध्ये बसू नये. बोटीची रांग मोठी दिसली तर पिवळ्या बाणांवरून पियात्साले रोमा गाठावे. पाय धडधाकट असतील तर चालणे बहुधा अधिक भरवशाचे ठरते. त्रिएस्तेहून रेल्वेने आलेल्यांनी सांता लुचीया स्थानकावरून गाडी पकडावी. मेस्त्रे हे स्थानक पुलापलीकडे मुख्य भूमीवर आहे, आणि जाताना तिथेच उतरून ‘कालवे कुठे आहेत’ म्हणून विचारणारेही भेटतात.

*पडताळणी:* जहाजाच्या दैनिक पत्रकावर बंदरातल्या प्रतिनिधीचा दूरध्वनी क्रमांक असतो. सकाळी उतरण्यापूर्वी त्याचा फोटो काढावा. जहाजाने आखलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबते. स्वतंत्र गेलेल्या प्रवाशासाठी थांबत नाही. उशीर होतो आहे असे दिसताच, धक्क्यावर पोहोचण्याची वाट न पाहता त्या क्रमांकावर कळवावे. जहाज सुटलेच तर पुढचे बंदर गाठण्याचा खर्च आपला असतो, आणि ते बंदर शेंगेनबाहेर असेल तर हाती पारपत्र लागते. ते आपल्या खोलीत किंवा स्वागतकक्षात राहिलेले असेल, तर जहाज सुटण्यापूर्वी ते प्रतिनिधीकडे उतरवून ठेवावे, अशी विनंती त्याच फोनवर पहिल्या वाक्यात करावी.